नागपुरात नोंदणी पद्धतीनं लग्न : आधी नोटीस, मग हॉल

तारीख निघते, हॉलला इसार जातो, पत्रिका छापखान्यात पोचतात आणि मग कुणीतरी विचारतं, "नोटीस दिली का?" नोंदणी विवाहात हा प्रश्न सगळ्यांत आधी यायला हवा. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर आधी विवाह अधिकाऱ्याकडे लेखी नोटीस द्यावी लागते. ती फलकावर लागते, त्यानंतर ३० दिवस थांबावं लागतं आणि मगच लग्न लागतं. घाई आहे म्हणून हे ३० दिवस कमी करण्याचा अधिकार कायद्यानं अधिकाऱ्याला दिलेला नाही. म्हणून बाकी सगळं, म्हणजे हॉल, आचारी, पाहुण्यांची रेल्वे तिकिटं, नोटिशीच्या तारखेवरून ठरवायचं.

हे मुख्यतः नागपुरात नव्यानं आलेल्यांसाठी लिहितो आहे. मिहानमध्ये नोकरी लागली, एम्स किंवा व्हीएनआयटीत शिकायला आलात, बुटीबोरीत कारखान्यात आहात, जोडीदार इथला आहे किंवा तोही बाहेरचाच आहे. घर भाड्याचं, ओळखी कमी, आणि "कोर्ट मॅरेज" म्हटल्यावर पाय आपोआप सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयाकडे वळतात. तिथं जायचं कारण नाही. हे लग्न न्यायाधीश लावत नाहीत, विवाह अधिकारी लावतात, आणि आपल्या राज्यात ते काम नोंदणी व मुद्रांक विभागाकडे आहे. कोर्टाच्या आवारात "एका दिवसात करून देतो" म्हणणारा कुणी भेटलाच, तर त्याला नोटिशीच्या ३० दिवसांचं काय, एवढंच विचारा.

तुम्हाला नोटीस लागते का?

सगळ्यांनाच लागत नाही. दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असाल तर १९५५ चा हिंदू विवाह कायदा तुम्हाला लागू आहे. त्यात आगाऊ नोटीस नाही, ३० दिवसांचं थांबणं नाही. दोघांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे विधी करून लग्न लागतं आणि नंतर त्याची नोंद होते. नागपुरात हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण मुलगा बौद्ध आणि मुलगी हिंदू, किंवा उलट, अशी जोडपी इथं पुष्कळ आहेत आणि "धर्म वेगळे म्हणजे नोटीस लागणारच" असा त्यांचा समज असतो. विवाहाच्या कायद्यापुरते हे दोघं एकाच छताखाली येतात. बौद्ध पद्धतीनं मंगल परिणय करा किंवा सप्तपदी करा, आणि मग महानगरपालिकेत नोंद करा. मनपाचे दहा झोन आहेत, तुमच्या झोनच्या कार्यालयात चौकशी करा. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे ही नोंद लग्नापासून ९० दिवसांत करायची असते. अर्जाला 'नमुना ड' म्हणतात आणि दाखला 'नमुना ई'त मिळतो.

नोटीस लागते ती मुख्यतः दोन प्रकारच्या जोडप्यांना. पहिलं, ज्यांचे धर्म वेगळे आहेत आणि कुणीही धर्म बदलायचा नाही असं ज्यांनी ठरवलंय. हा कायदा त्यांच्यासाठीच आहे. इथं धर्मांतर लागत नाही, कुणी मागू शकत नाही. दुसरं, धर्म एकच असला तरी ज्यांना कुठलाही विधी नको आहे. हुंडा नको, भटजी नको, सहीवर लग्न करायचं, असं म्हणणारी घरं विदर्भात नवी नाहीत.

आधीच धार्मिक पद्धतीनं लग्न झालंय आणि आता ते विशेष विवाह कायद्याखाली आणायचंय, तर त्याची वाट वेगळी आहे. कलम १५ खाली नोंदणीचा अर्ज करायचा. तिथंही ३० दिवसांची जाहीर सूचना आहेच, आणि नोंदणीच्या दिवशी दोघांचंही वय २१ पूर्ण लागतं, मुलीचंसुद्धा.

समलिंगी जोडप्यांना सध्या या कायद्याखाली नोटीस देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठानं १७ ऑक्टोबर २०२३ रोजी तो प्रश्न संसदेवर सोडला. काही देशांत असते तशी 'नागरी भागीदारी'ची नोंदणीही आपल्याकडे नाही. हे लिहिताना वाईट वाटतं, पण खोटी आशा लावून कुणाला कार्यालयात पाठवणं त्याहून वाईट.

आणि एक गोष्ट ठामपणे: नोटरीसमोर स्टॅम्प पेपरवर "आम्ही नवरा-बायको आहोत" असं प्रतिज्ञापत्र केलं म्हणजे लग्न होत नाही. त्या कागदावर पैसे घालवून वर्षभर निश्चिंत राहिलेली आणि मग बँकेत, दवाखान्यात, पासपोर्टच्या खिडकीवर अडलेली जोडपी असतात. त्यांत मुलीचं नुकसान सगळ्यांत जास्त होतं.

कुठल्या जिल्ह्यात, आणि ३० दिवस राहिल्याचा पुरावा

दोघांपैकी किमान एकजण नोटीस देण्याच्या लगेच आधीचे ३० दिवस ज्या जिल्ह्यात राहिला असेल, त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. इथं 'जिल्हा' म्हटलंय, शहर नाही. कामठी, हिंगणा, काटोल, रामटेक, बुटीबोरी हे सगळं नागपूर जिल्ह्यातच येतं. हिंगणघाट मात्र वर्ध्यात गेलं.

नवीन माणसाची गाडी इथंच अडते. तुम्ही नागपुरात १ तारखेला उतरलात, तर त्याच आठवड्यात नोटीस देता येणार नाही. आधी राहण्याचे ३० दिवस भरायचे, मग नोटिशीचे ३०. दोघंही बाहेरचे असाल तर घर घेतल्यापासून लग्नापर्यंत दोन महिने सहज जातात. पण जोडीदार मूळचा नागपूरचा असेल, तर त्याच्या पत्त्यावर काम होतं आणि तुमचे राहण्याचे दिवस मोजायची गरज उरत नाही. कायद्याला दोघांपैकी एकच पुरतो.

पुरावा काय? आधार कार्डावर नागपूरचा पत्ता असेल तर उत्तम. बहुतेक भाडेकरूंच्या आधारवर गावचाच पत्ता असतो. मग भाडेकरार लागतो, आणि तो नोंदवलेला हवा. महाराष्ट्रात भाडेकरार नोंदवणं कायद्यानं बंधनकारक आहे. घरमालक "कशाला उगाच" म्हणत असेल तर त्याला हे सांगा. करारावरची सुरुवातीची तारीख नोटिशीच्या ३० दिवस आधीची आहे ना, ते नीट बघा. पीजीत किंवा होस्टेलवर राहत असाल तर संस्थेचा किंवा कंपनीचा पत्त्यासह दाखला, बँकेच्या पासबुकावर बदललेला पत्ता, विजेचं बिल, यांतलं काय चालेल ते आधी कार्यालयात विचारून ठेवा. आधारवरचा पत्ता बदलून घेणं हा सगळ्यांत सरळ उपाय. लग्न ठरताच ते काम सुरू करा.

कागद जुळवताना

वयाचा पुरावा: जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. मुलगा २१ आणि मुलगी १८ पूर्ण. पत्त्याचा पुरावा वर सांगितलाच. दोघांचे पासपोर्ट आकाराचे फोटो. आधी लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची न्यायालयाची सही-शिक्क्याची प्रत, आणि त्यावर अपिलाची मुदत संपलेली असावी. जोडीदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला. दोघांपैकी एक परदेशी नागरिक असेल तर पासपोर्ट, व्हिसा आणि त्याच्या दूतावासाचं अविवाहित असल्याचं पत्र. या पत्राला वेळ लागतो, म्हणून त्यापासूनच सुरुवात करा. सगळ्याच्या मूळ प्रती सोबत, झेरॉक्सचे दोन संच जास्तीचे.

कागदांवर सगळ्यांत जास्त वेळ खातं ते नाव. दाखल्यावर वडिलांचं नाव 'रामदास', आधारवर 'रामदासजी'. एका कागदावर आडनाव 'मेश्राम', दुसऱ्यावर इंग्रजी अक्षरांत वेगळंच. मध्य प्रदेशातून, बालाघाट-छिंदवाड्याकडून आलेल्यांच्या कागदांवर वडिलांचं नाव मधे लिहायची आपली पद्धत नसते, त्यामुळे आपल्याकडच्या तीन शब्दी नावाच्या रकान्यात ते बसत नाही. टेबलावरच्या कारकुनाला दोष देऊन उपयोग नाही. त्याला दोन कागद एकाच माणसाचे आहेत हे दिसलं पाहिजे. नोटीस द्यायच्या आधीच घरी बसून दोघांचे सगळे कागद एकाखाली एक ठेवा आणि नावं अक्षर-अक्षर ताडून पाहा. फरक लहान असेल तर प्रतिज्ञापत्र चालतं का विचारा. मोठा असेल तर कागदच दुरुस्त करून घ्या. प्रमाणपत्रावर जे नाव चढेल ते पुढं जन्मभर चालणार आहे.

नात्याचा मुद्दा, जो कुणी आधी बघत नाही

आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न ही बऱ्याच समाजांत चालत आलेली रीत आहे. पण विशेष विवाह कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत निषिद्ध नात्यांची यादी आहे आणि तिच्यात चुलत, आते, मामे, मावस अशी चारही भावंडं येतात. "आमच्यात चालतं" एवढं इथं पुरत नाही. या कायद्याला जी रूढी मान्य आहे ती राज्य सरकारनं राजपत्रात अधिसूचित केलेली हवी. हिंदू विवाह कायद्यात अशा अधिसूचनेची अट नाही. तिथं समाजात रूढी खरोखर चालत आली असेल तर ती ग्राह्य धरतात. तेव्हा आते-मामे भावंडांचं लग्न असेल तर विशेष विवाह कायद्याची नोटीस देण्याआधी वकिलाला जरूर विचारा. नोटीस देऊन झाल्यावर हे निघालं, तर हरकतीला पक्कं कारण मिळतं.

नोटीस भरताना

विवाह अधिकारी जिल्ह्यासाठी असतो. त्याच्या कार्यालयाचा पत्ता आणि वेळ नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर बघून घ्या; नोटिशीचा अर्ज ऑनलाइन भरायची सोयही तिथं आहे. सरकारी फी किरकोळ आहे आणि तिची पावती मिळते. पावती नाही ती रक्कम सरकारची नाही, हे लक्षात ठेवा. या कामाला वकील लागतच नाही. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. त्या दिवसांत सिव्हिल लाइन्सला रस्ते बंद, पोलिसांचा बंदोबस्त आणि बरेच सरकारी कर्मचारी अधिवेशनाच्या कामात. ते दिवस टाळता आले तर बरं.

नोटिशीचा नमुना कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत दिला आहे आणि तो एका पानाचा आहे. नागपूर जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याला उद्देशून दोघं मिळून कळवतात की आजपासून तीन महिन्यांच्या आत आमचं लग्न व्हायचं आहे. खाली तक्ता: नाव, स्थिती म्हणजे अविवाहित, विधुर, विधवा की घटस्फोटित, व्यवसाय, वय, राहण्याचं ठिकाण, कायमचं ठिकाण आणि इथं किती काळ राहतो. शेवटी दोघांच्या सह्या. एकाची सही दुसऱ्यानं करून चालत नाही, म्हणून एकजण पुण्यात आणि एकजण इथं असेल तर त्या दिवसाची रजा दोघांनीही काढावी.

या तक्त्यात 'कायमचं ठिकाण' हा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. तुमचा कायमचा पत्ता भंडाऱ्याचा असेल, तर नोटिशीची एक प्रत भंडाऱ्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथल्या फलकावरही लागते. हे कायद्यातच लिहिलंय. पण प्रत जाते ती कार्यालयाकडे. ती तुमच्या घरी, आईवडिलांच्या पत्त्यावर पाठवावी असं कायद्यात कुठंही नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ मध्ये अशा घरपोच नोटिशींवर स्पष्ट नापसंती दाखवली होती. घरच्यांचा विरोध असलेल्यांनी हा फरक नीट समजून घ्या: तुमच्या मूळ जिल्ह्यातल्या सरकारी फलकावर तुमचं नाव लागू शकतं, आणि लहान गावात ते कुणाच्या तरी नजरेस पडू शकतं. हे धरूनच पुढचा महिना आखायचा. पत्ता लपवण्यासाठी खोटं लिहू नका. त्यानं तुमचं लग्नच कमजोर होतं.

अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२१ च्या निकालाची बातमी वाचून काहीजण विचारतात की नोटीस फलकावर न लावता लग्न होईल का. त्या निकालानं नोटीस प्रसिद्ध करणं जोडप्याच्या मर्जीवर ठेवलं, पण तो उत्तर प्रदेशापुरता. इथं फलक आहे असं धरूनच चला.

नोटीस स्वीकारली की पोच घ्या. प्रत दुसऱ्या जिल्ह्यात जायची असेल तर जावक क्रमांकही विचारून लिहून ठेवा.

दिवसांचं गणित

इथं दोन घड्याळं चालतात आणि दोन्ही वेगवेगळ्या दिवशी सुरू होतात. ३० दिवस मोजायचे ते नोटीस फलकावर लागल्यापासून. तीन महिने मोजायचे ते नोटीस दिल्यापासून. समजा ३ फेब्रुवारीला नोटीस दिली आणि त्याच दिवशी ती फलकावर लागली. लीप वर्ष नसेल तर ३० दिवस ५ मार्चला भरतात आणि ६ मार्चपासून लग्न लागू शकतं. पण कागदातल्या त्रुटीमुळे ती फलकावर ९ फेब्रुवारीला लागली, तर ११ मार्चपर्यंत थांबावं लागेल. शेवटची मुदत मात्र दोन्ही वेळी ३ फेब्रुवारीपासूनच मोजली जाते. मेच्या सुरुवातीला तीन महिने संपले की नोटीस रद्द आणि पुन्हा नव्यानं सुरुवात.

म्हणून कार्यालयात दोन तारखा विचारायच्या: नोटीस कधीची धरली आणि फलकावर कधी लागली. हॉल घ्यायचा तो या दोन टोकांच्या मधोमध, कडेला नाही. मे महिन्यातली तारीख हवी असेल तर नोटीस मार्चमध्ये द्या. नोव्हेंबरात देऊन मे गाठता येत नाही. आणि सुट्ट्या बघा. शनिवार-रविवारी पाहुणे येतील म्हणून त्या दिवशी कार्यालय उघडं असेलच असं नाही. सही एका दिवशी आणि जेवणावळ दुसऱ्या दिवशी, असं करणारी घरं पुष्कळ आहेत आणि त्यात काहीच कमीपणा नाही.

हरकत आली तर

नोटीस-बुक, म्हणजे अधिकाऱ्याकडची नोटिशींची नोंदवही, कुणालाही फुकट पाहता येतं आणि ३० दिवसांत कुणीही हरकत घेऊ शकतो. पण कशावर, हे कायद्यानं बांधून दिलंय. कलम ४ च्या अटींपैकी एखादी मोडते, एवढंच कारण चालतं: दोघांपैकी कुणाचा नवरा किंवा बायको हयात आहे आणि लग्न मोडलेलं नाही, वय भरलेलं नाही, नातं निषिद्ध आहे, किंवा मानसिक आजारामुळे कुणी संमती देण्याच्या किंवा लग्नाच्या स्थितीत नाही. बस. "जात वेगळी आहे", "धर्म वेगळा आहे", "आम्हाला न सांगता चाललंय", "मुलाला पक्की नोकरी नाही", यांतलं एकही कारण कायद्यात नाही. फिट येतात हेही कारण नाही. 'अपस्मार' हा शब्द १९९९ मध्ये कायद्यातून काढून टाकला. सज्ञान जोडप्याला आईवडिलांची संमती लागत नाही.

हरकत लेखी नोंदवली जाते आणि अधिकाऱ्यानं तिची चौकशी ३० दिवसांत संपवायची असते. तोपर्यंत लग्न थांबतं. हरकत फेटाळली तर पुढं जायचं. हरकत मान्य करून त्यानं लग्न लावायला नकार दिला, तर नकारापासून ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येतं, आणि ते न्यायालय जे ठरवेल ते अंतिम. हरकत निव्वळ त्रास द्यायला, प्रामाणिक हेतू नसताना घेतली असेल, तर हरकत घेणाऱ्यावर १,००० रुपयांपर्यंतचा खर्च बसवून तो जोडप्याला देता येतो. रक्कम १९५४ च्या काळातली आहे आणि आता ती वाढायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरून विरोध असेल तर हा महिना कसा काढायचा

बहुतेकांच्या बाबतीत हा महिना शांतपणे जातो. ज्यांच्या बाबतीत जात नाही, त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर.

मुलगी घर सोडून आली की घरचे पोलीस ठाण्यात हरवल्याची तक्रार देतात, कधी पळवून नेल्याची. त्याआधीच तुम्ही राहता त्या हद्दीतल्या ठाण्यात दोघांच्या सहीचा अर्ज द्या: आम्ही सज्ञान आहोत, स्वखुशीनं एकत्र आहोत, विवाहाची नोटीस अमुक तारखेला दिली आहे. सोबत वयाचे पुरावे आणि नोटिशीची पोच जोडा. अर्जाच्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का आणि तारीख घ्या. हीच प्रत मुलीच्या मूळ गावच्या ठाण्याला आणि पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टानं पाठवा. तपास अधिकाऱ्याचा फोन आला तर टाळू नका. जबाब द्या, मुलीनं स्वतः द्यावा.

सर्वोच्च न्यायालयानं २००६ च्या लता सिंग प्रकरणात सांगितलंय की सज्ञान माणूस हवं त्याच्याशी लग्न करू शकतो आणि अशा जोडप्यांना छळणाऱ्यांवर पोलिसांनी कारवाई करावी. २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात तर जिल्ह्या-जिल्ह्यात विशेष कक्ष, जोडप्यांना राहायला सुरक्षित निवारा आणि चोवीस तास मदत क्रमांक हवा, असे निर्देश आहेत. ठाण्यात कुणी हात झटकले, तर या दोन निकालांची नावं अर्जात लिहा. कागदावर निकालाचं नाव दिसलं की बोलण्याचा सूर बदलतो. तातडीच्या वेळी ११२.

वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिलेला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, म्हणून अर्ज मुलीच्या नावानं करा. त्यांचा देशभरचा क्रमांक १५१००. मुलीला घरात कोंडून ठेवलं असेल तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात तिला हजर करण्यासाठी याचिका करता येते. ते खंडपीठ सिव्हिल लाइन्सलाच आहे.

आणि या महिन्यात दोघांनी आपापले मूळ कागद स्वतःजवळ ठेवावेत. दहावीचं प्रमाणपत्र कपाटात राहिलं आणि कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे, एवढ्यावरून नोटीस लांबते.

लग्नाच्या दिवशी

तीन साक्षीदार लागतात. ते नातेवाईकच असावेत असं नाही. मित्र, सहकारी, घरमालक, कुणीही सज्ञान चालतो. प्रत्येकाचं ओळखपत्र आणि फोटो. चौथा माणूस तयार ठेवा, कारण ऐन दिवशी कुणाची तरी गाडी बंद पडतेच.

आधी दोघं आणि तिघं साक्षीदार अधिकाऱ्यासमोर घोषणापत्रावर सह्या करतात. त्यात तुम्ही सांगता की मी अविवाहित, विधुर, विधवा किंवा घटस्फोटित आहे, माझं वय इतकं आहे, आमचं नातं निषिद्ध नाही, आणि यातलं काही खोटं निघालं तर तुरुंगवास आणि दंड होऊ शकतो हे मला माहीत आहे. सही करण्याआधी ते वाचा. वाचायला वेळ मागितला तर कुणी नाही म्हणत नाही.

मग खरं लग्न. कुठलाही विधी करा किंवा करू नका, पण अधिकारी आणि साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना कायदेशीर पती आणि पत्नी म्हणून स्वीकारल्याचं तोंडानं म्हणावं लागतं. दोघांना कळेल अशी कुठलीही भाषा चालते. मराठीत म्हणा, हिंदीत, उर्दूत, गोंडीत. एक मराठी आणि एक तेलुगू असेल तर दोघांना समजणारी निवडा. हे वाक्य म्हणताना बऱ्याच जणांचा आवाज अडतो, तेव्हा घरी एकदा म्हणून पाहा. त्यानंतर हार घाला, फोटो काढा. तेवढा वेळ देतात.

कार्यालयाऐवजी हॉलवर अधिकाऱ्याला बोलावता येतं. जागा वाजवी अंतरावर असावी आणि त्याची वेगळी फी भरावी लागते. पण नागपूरची नोटीस घेऊन गोव्याच्या किनाऱ्यावर लग्न लावता येत नाही.

वारसाहक्काबद्दल थोडं

हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख माणसानं या कायद्याखाली या चार धर्मांबाहेरच्या व्यक्तीशी लग्न केलं, तर तो आपल्या एकत्र हिंदू कुटुंबातून विभक्त झाला असं कायदा मानतो, आणि त्या दोघांचा वारसा १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानं चालतो. दोघंही या चार धर्मांतले असाल तर १९७६ च्या दुरुस्तीमुळे हे लागू होत नाही. तुमचा वारसा हिंदू उत्तराधिकार कायद्यानंच चालतो. गावाकडे सामायिक शेती असेल, तर सातबारा हातात घेऊन लग्नाआधी वकिलाशी एकदा बोला.

आंतरजातीय लग्नासाठी राज्याची ५०,००० रुपयांची प्रोत्साहन योजना आहे, दोघांपैकी एक अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्गातला असेल तर. चौकशी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात करा. जातीचे दाखले आणि विवाहाचं प्रमाणपत्र लागतं.

प्रमाणपत्र हातात घेताना

लग्न लागलं की विवाह प्रमाणपत्र पुस्तकात नोंद होते आणि त्यावर दोघांच्या आणि तिघा साक्षीदारांच्या सह्या होतात. हे प्रमाणपत्र म्हणजे या कायद्याखाली लग्न झाल्याचा निर्णायक पुरावा आहे. सही करण्याआधी दोघांनी आळीपाळीनं मोठ्यानं वाचा: नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, पत्ता. एक काना-मात्रा चुकली असेल तर तिथंच थांबवा. पुस्तकात चढल्यावर दुरुस्तीला अर्ज आणि खेटे. आडनाव बदलायची सक्ती कुठलाही कायदा करत नाही, तेव्हा मुलीला जे नाव पुढं चालवायचंय तेच घालायला सांगा. सही-शिक्क्याच्या दोन-तीन प्रती त्याच दिवशी मागून घ्या. पासपोर्ट, बँकेतलं नामनिर्देशन, विम्याची पॉलिसी, कंपनीच्या आरोग्य विम्यात जोडीदाराचं नाव, हे सगळं पहिल्याच महिन्यात लागतं, आणि एकच प्रत असली की ती नेमकी कुठल्या तरी टेबलावर अडकून पडते.